एका आकड्यातून उगवलेलं गाव

खेळाच्या पहिल्याच सकाळी झोपडीत एक पुडकं आपली वाट पाहत असतं. गावचे कारभारी लुईस यांनी ठेवलेली भेट. उघडलं की आत पार्सनिपच्या १५ बिया. पार्सनिप म्हणजे गाजराचा पांढरा चुलतभाऊ. आपल्या मंडईत तो सहसा दिसत नाही, पण ‘स्टारड्यू व्हॅली’ नावाच्या व्हिडिओ गेममधल्या या काल्पनिक खोऱ्यात वसंताचं पहिलं पीक तेच. आजोबांनी मागे ठेवलेली दगडधोंड्यांची पडीक जमीन, खिशात ५०० नाणी, हातात कुऱ्हाड, कुदळ, विळा, झारी आणि या १५ बिया. लावा, रोज पाणी घाला, चार दिवसांनी काढा.

बिया १५ च का, हा प्रश्न मला पहिली दोन वर्षं पडलाच नाही. (खेळातली वर्षं म्हणतेय. २८ दिवसांचा एक ऋतू, असे चार. ११२ दिवसांत वर्ष सरतं.) पडला तेव्हा उत्तर कावळ्यांपाशी सापडलं.

दर रात्री हा खेळ शेतातली उभी रोपं मोजतो आणि त्या संख्येला १६ ने भागतो. भागाकार येईल तितके कावळे, फार तर चार, तुमच्या शेतावर उतरू शकतात. रोपं १६ असली तर एक कावळा, ३२ असली तर दोन. आणि १५ असली तर? भाग जातच नाही. शून्य कावळे. बुजगावणं करायची विद्या खेळात शेतीची पहिली पायरी चढल्यावरच मिळते. ती ज्याच्याकडे अजून नाही, अशा नवख्याच्या ओंजळीत नेमक्या इतक्याच बिया घातल्यात, की त्यातली एकही कावळ्याच्या चोचीत जाऊ नये. मला हा योगायोग वाटत नाही. विहिरीत पोहायला शिकवणारा माणूस पोराच्या पोटाखाली हात धरतो. पाण्यामुळे तो हात वरून दिसत नाही, आणि पोराला वाटतं आपण तरंगतोय. तसलं काहीतरी आहे हे.

तेव्हापासून मला नादच लागला, या गोड, हिरव्यागार खेळाच्या मातीखाली काय चाललंय ते उकरून पाहण्याचा.

खेळातला दिवस सकाळी सहाला उजाडतो. आपले सात सेकंद गेले की तिथली दहा मिनिटं सरतात, आणि रात्री दोन वाजता तुम्ही जिथे असाल तिथे कोसळता. हिशेब केला तर एक दिवस साधारण १४ मिनिटांचा. एवढ्यात पाणी घालायचं, गाईंच्या धारा काढायच्या, मासे धरायचे, १२० मजले खोल खाणीत उतरायचं, दुकान बंद व्हायच्या आत बियाणं आणायचं. (बुधवारी पिएरचं दुकान बंद असतं, हे मला दर बुधवारी त्याच्या दारात पोचल्यावर आठवतं.) दमछाक होते खरी. पण शेतात जे घडायचं ते या १४ मिनिटांत घडतच नाही. ते घडतं तुम्ही झोपल्यावर.

अंथरुणात शिरलात की पडदा काळा होतो. दोन-चार सेकंद काहीच दिसत नाही. तेवढ्यात सगळं शिवार चौकोन चौकोन करून तपासलं जातं. हा चौकोन ओला आहे का? असेल तर रोप एका दिवसानं मोठं. कोरडा आहे? मग रोप आहे तिथेच थांबेल. वाळणार मात्र नाही. झाडाचं रोपटं पुढच्या अवस्थेत जाणार का? पाचात एक संधी, टाका फासा. फुलकोबीचे, भोपळ्याचे किंवा कलिंगडाच्या जातीतल्या फळाचे तीन गुणिले तीन असे नऊ तयार गड्डे शेजारी शेजारी उभे आहेत? मग शंभरात एक शक्यता, की सकाळी ते नऊही एकात विरघळून झोपडीएवढा एकच राक्षसी गड्डा उभा असेल. कुऱ्हाडीनं तोडावा लागतो तो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मोठ्यानं ओरडले होते, आणि मग चार दिवस तो तोडलाच नाही. झोपडीशेजारची विक्रीची पेटी रिकामी होते, पैसे जमा होतात, उद्याचं हवामान मांडलं जातं आणि सगळी वही बंद करून जपून ठेवली जाते. संगणकावर हा खेळ झोपल्याशिवाय जतन होत नाही. दुपारी वीज गेली तर तो दिवस उगवलाच नव्हता असं समजायचं.

म्हणजे दर रात्री शेकडो फासे पडतात. आणि इथे खरी गंमत सुरू होते, कारण संगणकाकडे फासे नसतात.

संगणक हा सांगितलेलं इमानानं करणारा गडी. ‘मनाला येईल तो आकडा सांग’ म्हटलं तर तो गोंधळतो, कारण त्याला मन नाही. म्हणून गणित्यांनी एक युक्ती काढली. कुठलाही एक आकडा घ्यायचा, त्याच्यावर ठरलेली भली मोठी आकडेमोड करायची, जे निघेल त्याच्यावर पुन्हा तीच, पुन्हा तीच. बाहेर पडणारी रांग इतकी विस्कटलेली दिसते, की पाहणाऱ्याला ती फाशांची वाटावी. प्रत्यक्षात ती जन्मापासून ठरलेली असते. सुरुवातीचा आकडा तोच दिलात, तर हजारावा फासाही तोच पडेल. या सुरुवातीच्या आकड्याला जगभरचे प्रोग्रामर ‘सीड’ म्हणतात. बी.

शेतीच्या खेळाच्या मुळाशी बी असावं, आणि त्याला बी म्हणायचं हे शेतीशी सुतराम संबंध नसलेल्या लोकांनी ठरवावं, याची मला अजून मजा वाटते.

मग स्टारड्यू व्हॅलीत हे बी येतं कुठून? तुम्ही नवं शेत सुरू करता त्या क्षणातून. २०१२ सालच्या जून महिन्यातल्या एका ठरावीक मुहूर्तापासून तुमच्या सुरुवातीच्या क्षणापर्यंत किती सेकंद उलटले, ते मोजलं जातं. २०२५ मध्ये सुरू केलेल्या शेताचा आकडा ४० कोटींच्या आसपास येईल. तोच त्या शेताचा जन्मांक. शेजारच्या खोलीत बहिणीनं एक सेकंद उशिरा सुरुवात केली, तर तिचं गाव तेच, माणसं तीच, नदी तीच. पण नशीब वेगळं. आपल्याकडे पत्रिका मांडतात ती याहून वेगळी काय असते? जन्मवेळ द्या, पुढचं सगळं त्यातून निघेल. फरक इतकाच की इथली पत्रिका खरी ठरते.

खरी म्हणजे किती खरी, याचा दाखला क्लिंट लोहाराच्या भट्टीवर मिळतो. खाणीत अधूनमधून गोल, ओबडधोबड दगड सापडतात. क्लिंट २५ नाणी घेऊन ते फोडून देतो आणि आत स्फटिक निघतो. महाराष्ट्राच्या वाचकाला हे नव्यानं सांगायला नको. आपलं बहुतेक राज्य ज्या काळ्या दगडावर उभं आहे त्याच्या पोकळ्यांत असलेच स्फटिक दडलेले असतात, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेमागे मांडून ठेवलेत. तर, दगड फोडताना मी श्वास रोखून धरायची. आज काय निघेल? पुढे कळलं की तुमच्या शेताचा दहावा दगड फोडल्यावर त्यातून काय निघणार, हे शेत जन्मलं तेव्हाच ठरलेलं असतं. आज फोडा, पुढच्या हिवाळ्यात फोडा. दहावा तो दहावा. हा जन्मांक घालून पुढची सगळी यादी काढून देणारी साधनं खेळाडूंनी तयार केलीयेत. मी ती एकदा उघडली आणि लगेच बंद केली. ज्योतिषाकडे जाणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. मला नाही जमत.

पण गोष्ट इथे संपत नाही. खेळात रोज सकाळी दूरचित्रवाणीवर एक ज्योतिषीणबाई येते आणि आजचा दिवस कसा जाईल ते सांगते. तिचं भाकीत उणे १०० ते अधिक १०० या पट्ट्यातल्या एका आकड्यावर बेतलेलं असतं. खाणीत खाली जायची शिडी लवकर सापडणार का, यासारख्या कितीतरी गोष्टी त्या आकड्याकडे पाहून ठरतात. हा आकडा रात्री निघतो, आणि तो काढताना बी म्हणून तीन गोष्टी एकत्र कालवतात. एक, शेताचा जन्मांक. दोन, आजचा दिवस कितवा. आणि तीन, तुम्ही आजवर चाललेली पावलं.

हो, पावलं. खेळ पहिल्या दिवसापासून तुमचं एकेक पाऊल मोजत असतो. झोपण्याआधी एक पाऊल जास्त टाकलंत तर उद्याच्या भाग्याचा आकडा दुसराच निघतो. जास्त चाललं म्हणजे जास्त भाग्य, असं काही नाही. फक्त वेगळं. जन्मवेळ एका हातात, चाललेली वाट दुसऱ्या हातात, आणि दोन्हींचा मिळून उद्या. हे कुणा कीर्तनकाराला सांगितलं तर त्याची एका तासाची सोय होईल.

माणसांचं काय? या खोऱ्यात तीसेक लोक राहतात, आणि त्यांच्याशी बोलावं, त्यांना वस्तू द्याव्यात, वाढदिवस लक्षात ठेवावेत अशी अपेक्षा असते. ॲबिगेलला जांभळा गारगोटीचा खडा दिला तर ती म्हणते, मला भूक लागलीय हे तुला कसं कळलं? लायनस गावाबाहेर तंबूत राहतो आणि त्याला घर नकोय. शेन रोज संध्याकाळी गुत्त्यात पितो, आणि का पितो ते कळायला त्याच्याशी खूप दिवस बोलावं लागतं. केंट पहिलं अख्खं वर्ष दिसतच नाही. दुसऱ्या वर्षी तो युद्धावरून परततो. या सगळ्यांची खोड अशी, की ते तुमच्यासाठी थांबून राहत नाहीत. मंगळवारी एक वाट, पावसात दुसरी, हिवाळ्यात तिसरी. अमक्या वेळी अमक्या ठिकाणी अमक्या चौकोनावर जाऊन अमक्या दिशेला तोंड करून उभं राहावं, अशा ओळी प्रत्येकाच्या नावानं लिहून ठेवल्यात. इतकंच. एसटीच्या वेळापत्रकासारखी रुक्ष ओळ. पण पावसाळी दुपारी तुम्ही कुणाला शोधत गावभर फिरता, तो सापडत नाही, आणि शेवटी नदीवरच्या पुलाशी एकटा उभा दिसतो, तेव्हा ‘हा इथे काय करत असेल’ असा विचार तुम्हीच करता. वेळापत्रकातलं दुःख तुम्ही भरलेलं असतं.

हे सगळं एका माणसानं केलंय. एरिक बॅरोन. २०११ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा शाखेतून संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडला, नोकरी मिळेना, म्हणून अर्जासोबत दाखवायला एक छोटा खेळ करू म्हणाला. तो छोटा खेळ साडेचार वर्षं चालला. प्रोग्राम त्याचा, चित्रं त्याची, संगीत त्याचं, तीस माणसांच्या तोंडचं एकेक वाक्य त्याचं. चित्रं काढायचा, पुढे हात सुधारला की जुनी टाकून पुन्हा काढायचा. घर मुख्यतः त्याच्या जोडीदारिणीच्या कमाईवर चाललं. तो स्वतः सिॲटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा. २६ फेब्रुवारी २०१६ ला खेळ बाहेर आला, दोन महिन्यांत १० लाख प्रती गेल्या. २०२४ संपेपर्यंत ४ कोटींच्या वर. शेवटच्या आकड्यापेक्षा मला ती साडेचार वर्षं जास्त चक्रावतात. तीस माणसांना रोज कुठे पाठवायचं याचा विचार करत एक माणूस चार-साडेचार वर्षं एका खोलीत बसलाय, आणि बाहेरच्या फारशा कुणाला ती माणसं माहीत नाहीत!

त्यानंही हे शून्यातून उपजवलं नाही. लहानपणी तो ‘हार्वेस्ट मून’ खेळत वाढला. त्या मालिकेतला पहिला खेळ जपानमध्ये १९९६ च्या ऑगस्टमध्ये आला. मूळ जपानी नावाचा अर्थ साधारण ‘कुरणाची गोष्ट’. तो घडवणारे यासुहिरो वादा मियाझाकीच्या खेड्याकडचे, कामासाठी टोकियोत आलेले. मारामारीवर चालणाऱ्या बाजारात त्यांनी गाई पाळायचा खेळ आणला. आपल्याकडच्या पुष्कळांना मात्र शेतीचा खेळ म्हटलं की २००९ चं फेसबुकवरचं ‘फार्मव्हिल’च आठवेल. तिथलं घड्याळ भिंतीवरचं होतं: चार तासांचं पीक वेळेत काढायला आला नाहीत तर ते करपून जायचं. लग्नाच्या मांडवातून उठून टोमॅटो काढायला गेलेले लोक मी पाहिलेत. स्टारड्यू व्हॅली बंद करून तुम्ही सहा महिने फिरकला नाहीत तरी तिथे सहा महिने जात नाहीत. गाव दाराआड श्वास रोखून थांबतं.

गेल्या मे महिन्यात मामा मामीसह आमच्याकडे आले होते. जुन्नर तालुक्यातले, टोमॅटो आणि कांदा करतात, पश्चिमेकडच्या वावरात थोडा भात. गुडघ्याच्या औषधोपचारासाठी पुण्यात आठ दिवस राहिले आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळले. मी टीव्हीला जोडून खेळत होते, तर शेजारी येऊन बसले.

“हे काय लावलंयस?”

“टोमॅटो.”

“आन् तार-बांबू कुठाय? लोळतील की.”

मी त्यांना घेवडा दाखवला. या खेळात घेवडा, द्राक्षं आणि हॉप्स यांना मांडव असतो आणि त्या मांडवातून आरपार जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. टोमॅटो मात्र बिनआधाराचा उभा राहतो. मामांनी मान हलवली, पण माफ केल्यासारखी.

“कॅरेटला काय भाव?”

“कॅरेट नाही. एका टोमॅटोला ६० नाणी.”

“उद्या?”

“उद्याही ६०.”

“आन् सगळ्यांनी टोमॅटोच केले तर?”

“तरी ६०. कितीही टाका. ही पेटी आहे ना, हिच्यात टाकायचे. रात्री लुईस येऊन घेऊन जातात, सकाळी पैसे.”

“आडत? हमाली? तोलाई?”

“काही नाही.”

“कारभारी स्वतः उचलतो?” मामा इतके हसले की मामी स्वयंपाकघरातून पाहायला आली. “पाणी नाय दिलं तर?”

“त्या दिवशी वाढत नाही. मरत नाही.”

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ह्या वाणाचं बी कुठं मिळतं विचार त्याला.”

भातानं मात्र ते पुढे सरकून बसले. पिएरच्या दुकानात भाताचं बी मिळत नाही, रोप मिळतं. पाण्यापासून तीन चौकोनांच्या आत लावलं तर वरून पाणी घालावं लागत नाही, आणि आठ दिवसांचं पीक सहा दिवसांत येतं. “आवणीच की ही,” मामा म्हणाले. “ज्यानं हे केलं, त्यानं भात बघितलाय.” २८ तारखेला उन्हाळा संपला आणि दुसऱ्या सकाळी टोमॅटोची सगळी रोपं एकदम वाळून तपकिरी झाली, तेव्हा ते पुन्हा नाराज झाले. मका, गहू, सूर्यफूल अशी थोडीच पिकं ऋतू ओलांडून जातात. बाकी सगळं तारखेनं मरतं. “ऋतू तारखेनं बदलतो व्हय? आमच्याकडं पाठव म्हणावं असला.”

चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून कंट्रोलर घेतला. बोटं जाड, बटणं बारीक. झारी दोनदा भलत्याच चौकोनावर रिकामी केली. पण दिवस काढला. संध्याकाळ झाली, खेळातला उजेड निळसर पडला, रातकिडे वाजू लागले. मी म्हटलं, “मामा, आता घरात जा आणि झोपा. दोनच्या आत झोपायचं, नाहीतर पैसे जातात.”

“थांब की. असं कसं झोपायचं?”

आणि ते चालू लागले. झोपडीपासून विहिरीकडे, तिथून कुंपणाच्या कडेकडेनं भोपळ्यापर्यंत, मग बुजगावण्याला वळसा घालून तळ्याच्या बाजूनं परत. काही उपटलं नाही, काही लावलं नाही, कशाला हात लावला नाही. गावी रोज रात्री जेवण झाल्यावर ते बॅटरी घेऊन बांधावरून एक चक्कर मारून येतात, तशी मारली. पुढचे चारही दिवस मारली. मी सोफ्यावर बसून त्यांची पावलं मोजत होते. १०० च्या पुढे गेल्यावर सोडून दिलं.

रोज सकाळी ज्योतिषीणबाई काय म्हणते ते ते लक्ष देऊन ऐकायचे. इंग्रजी कळत नव्हतं, मीच सांगायचे. एकदा ती म्हणाली की आज ग्रह फार प्रसन्न आहेत. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “हे ती कशावरून सांगते?”

मी त्यांना सांगितलं.

“काल रात्रीच्या चकरेवरून?” मामा म्हणाले, आणि उठून चप्पल शोधू लागले.